पुरून ठेवलेली दोन पानं

"माउरर!" लॉरेन आत्या एवढ्यांदा ओरडली की सोफ्यावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेली आईसुद्धा दचकली. ट्रुडीच्या हातून नुकतीच तिसरी राणी टेबलावर पडली होती, आणि तिसरी राणी पडल्यावर लपवायला काही उरत नाही. रविवारचं जेवण उरकलं होतं, भांडी ओट्यावर तशीच होती. हाफनरांच्या स्वयंपाकघरात दर रविवारी होतो तसा शीप्सहेडचा डाव रंगला होता. मिलवॉकीच्या दक्षिण भागात मूल चालायला लागलं की महिन्याभरात पत्ते धरायला लागतं, असं आत्या सांगायची, आणि ट्रुडीच्या बाबतीत ते फारसं खोटं नव्हतं. या खेळात राणी राजाच्याही डोक्यावर बसते. मधे दोन पानं पालथी ठेवलेली असतात. ज्याची छाती असेल त्याने ती उचलायची आणि उरलेल्यांशी एकट्याने झुंजायचं. कुणीच उचलली नाहीत तर मग डाव उलटा होतो, सगळ्यांत कमी गुणांचा माणूस जिंकतो आणि भारी पानंच धन्याच्या गळ्याला फास लावतात. हातात तीन राण्या असताना ट्रुडी 'पास' म्हणाली होती. मागोमाग बाबा 'पास' म्हणाला, आत्याही म्हणाली. मग उलट्या डावात तिच्या राण्यांनी एकेक करून टेबलावरचा सगळा माल तिच्याच पदरात आणून ओतला.

"तीन राण्या!" आत्या म्हणाली. "तीन राण्या घेऊन बसली होती ही, आणि तोंड असं, जसं काही हातात सगळ्या सत्त्याच आल्यात. काय गं, अंडी उबवत होतीस का?"

"मला वाटलं, पुढे काहीतरी बरं निघेल," ट्रुडी म्हणाली.

"याहून बरं? चौथी राणी घरी पोचवायची होती का तुला, डबा बांधून?"

बाबा हसला. वॉल्ट हाफनर पत्ते पिसताना नेहमीच थोडा हसायचा. "जाऊ दे लॉरेन, सावध आहे पोरगी. सावध माणूस बुडत नाही."

"बुडला की आत्ता!" आत्या म्हणाली आणि गुणांच्या पाटीवर ट्रुडीच्या नावाखाली एक ठसठशीत रेघ ओढली.

खरं तर हरण्याचं ट्रुडीला काही वाटत नव्हतं. हरायला ती चांगली सरावलेली होती. पण माउरर हा शब्द पणजोबांनी जर्मनीहून येताना बरोबर आणला होता, आणि त्या घरात चोर म्हटलेलं परवडलं पण माउरर नको, अशी स्थिती होती. चांगली पानं हातात असून भिंतीआड बसणारा तो माउरर. सोमवारी सकाळी शहरालगतच्या मोठ्या तळ्यावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात बसची वाट बघताना, नंतर वर्गात, मग कॅफेटेरियात बशीतले बटाटे काट्याने उगाच इकडून तिकडे लोटताना तो शब्द तिच्या मागे मागे येत होता. कारण कॅफेटेरियाच्या बाहेरच्या दालनात घंटा वाजत होती. एका जुन्या मालवाहू जहाजाची ती पितळी घंटा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी आपला मुख्य विषय पक्का केला की तिचा दोर ओढायचा आणि विषयाचं नाव ओरडायचं, ही कॉलेजची जुनी पद्धत. एप्रिल उजाडला की ती दिवसभर वाजायची. टण्, "इतिहास!" मग टाळ्या. टण्, "रसायनशास्त्र!" पुन्हा टाळ्या. येत्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत जो विषय ठरवणार नाही, त्याला पुढच्या सत्राच्या वर्गांत नाव घालता येणार नव्हतं. ट्रुडीला प्रत्येक टणत्काराबरोबर आपल्याच पाठीवर कुणीतरी बोटाने टकटक केल्यासारखं वाटायचं. तिने मान खाली घालून बटाटे संपवले.

तिचे सल्लागार प्रुइट नावाचे एक गोल, हसरे गृहस्थ होते. त्यांच्या खिडकीत निवडुंगाच्या कुंड्या होत्या आणि प्रत्येक कुंडीला ते नावाने हाक मारत. मंगळवारी त्यांनी ट्रुडीने आजवर घेतलेले विषय पडद्यावर वरपासून खालपर्यंत वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला. "अर्थशास्त्राची ओळख. मानसशास्त्राची ओळख. संख्याशास्त्राची, समाजशास्त्राची, जर्मनची, भूगर्भशास्त्राची ओळख. ट्रुडी, तुझ्या ओळखी दांडग्या आहेत. मैत्री कुणाशीच नाही."

"सगळ्या वाटा मोकळ्या ठेवल्यात, सर."

"वाटीवाटीने सूप पीत चालली आहेस, बाई. जेवायला कधी बसणार?"

"सूप पिऊन कुणी फसल्याचं ऐकलं नाही."

"पोट भरल्याचंही ऐकलं नाही." ते स्वतःच खूष होऊन हसले, मग जरा पुढे वाकले. "हे बघ, वाटा मोकळ्या ठेवायच्या असतील तर व्यवसाय व्यवस्थापन घे. नाहीतर अर्थशास्त्र. बँक, विमा, सरकारी कचेरी, रुग्णालयाचा कारभार, कुठेही चालतं. मी काही वाईट सांगत नाहीये." वाईट ते नव्हतंच. ट्रुडीला मात्र उगाच आत्याचा राखाडी कोट आठवला. लग्नाला चालायचा, मयताला चालायचा, चर्चच्या मासळीच्या जेवणालाही चालायचा. कुठेही चालायचा, आणि आत्याने तो घातला होता हे कधी कुणाच्या लक्षात राहायचं नाही. "विचार करते," ती म्हणाली. हे वाक्य तिला इतकं सफाईने यायचं की तेवढ्याचीच पदवी असती तर ती पहिली आली असती. बाहेर पडताना एका निवडुंगाने तिच्या बाहीला ओरखडा काढला.

वाटा मोकळ्या ठेव, हे बाबाचं वाक्य. जगात सगळ्यांचेच बाप हे म्हणतात, पण तिच्या बापाने ते म्हणायची किंमत मोजली होती. वॉल्ट हाफनर शाळा सुटल्या सुटल्या बिअरच्या भट्टीत लागला. त्याचा बाप तिथेच होता, बापाचा बापही. तेव्हा वस्तीवर शिजलेल्या धान्याचा वास कायम तरंगायचा. वाळत घातलेल्या चादरींना यायचा, शाळेच्या पुस्तकांना यायचा, आणि ट्रुडीला लहानपणी वाटायचं की हवेचा वास असाच असतो. मग ती आठ वर्षांची असताना भट्टी बंद झाली. कुणी ओरडलं नाही की काही नाही, एका सकाळी फक्त वास आला नाही. तो उन्हाळा बाबाने गॅरेजमध्ये काढला. खुर्ची टाकून उघड्या दारातून रस्ता बघत बसायचा, आणि उलटी बादली घालून ती त्याच्याजवळ बसायची. "एका गोष्टीवर जीव टाकला मी," एकदा तो म्हणाला, तिला नव्हे, रस्त्याला. "दुसरं काही येत नाही मला. तू असं करू नकोस, पोरी. हातचं राखून ठेवत जा." बापाला घाबरलेलं तिने तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं, आणि ती भीती तिने अगदी आज्ञाधारकपणे उचलून आपल्या पोटात ठेवून दिली. नंतर बाबा शाळेची पिवळी बस चालवायला लागला, पुन्हा हसायला लागला, त्याचं पोट सुटलं. भीतीचं पुढे काय झालं हे त्याने कधी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

उलट बसचा तो एवढा राजा झाला की त्याच्या गोष्टी घरात चघळल्या जायच्या. पोरांनी भरलेल्या बसमध्ये आठवड्यातून एक तरी पोर ओकतं. सगळ्या चालकांच्या नशिबी फडकं आणि बादली असतेच. फक्त वॉल्टच्या बसमध्ये कुणी ओकलं नव्हतं. त्याला म्हणे पोराला मळमळण्याआधीच वास येतो. गाडी कडेला लावून तो मागे वळायचा आणि बरोब्बर त्याच पोराला म्हणायचा, "ऑस्कर, उतर, हवा खा जरा." ऑस्कर उतरायचा आणि गवतावर काम उरकायचा. यावर आत्या म्हणायची, "देवाने माझ्या भावाला केवढं मोठं नाक दिलं, आणि बघा कशावर खर्च केलं!" सगळे हसायचे. ट्रुडीही हसायची. त्या नाकाबद्दल याहून जास्त विचार तिने कधी केला नव्हता.

बुधवारी भूगर्भशास्त्राच्या वर्गाची सहल निघाली, तीसुद्धा लांब कुठे नाही, शहरातल्याच नदीच्या काठी. तिथे पाण्याने कापलेला खडक उघडा पडला होता. लिंडक्विस्ट बाई साठीच्या पुढच्या. बारीक पांढरी वेणी, पायात कोळ्यांचे असतात तसे रबरी बूट. त्यांनी खडकातून करड्या रंगाची एक चपटी कपची काढली, चोळली आणि सरळ तोंडात टाकली. "डोळ्यांनी कळत नाही," त्या चघळता चघळता म्हणाल्या. "दातांना विचारा. कुरकुरलं तर बारीक रेतीचा गाळ, गुळगुळीत लागलं तर चिकणमाती. चला, लाजता काय!" मग थंड वाऱ्यात कुडकुडत सगळा वर्गच्या वर्ग दगड खात उभा राहिला. वरच्या पुलावरून कुत्रं घेऊन चाललेल्या एका बाईंनी कुत्र्याला जवळ ओढून घेतलं. ट्रुडीने कपची दाढेखाली धरली. कर्र. अगदी बारीक, दातांच्या मुळापर्यंत जाणारी करकर. आणि त्या आवाजाबरोबर ती एकदम पाच वर्षांची झाली. भट्टीचा वरचा मजला, पायाखाली उबदार ओलसर धान्य, बाबाचे धुळीने पांढरे झालेले हात, आणि त्याने तिच्या जिभेवर ठेवलेला एक दाणा. "चाव. टोकं कडक लागतात का? मग कच्चं आहे, अजून भिजायला हवं. यंत्रं नंतर सांगतात, दात आधी सांगतात." दाणा गोडसर होता. कपचीला चव नव्हती, नुसता गारवा होता, तळ्याच्या पाण्यासारखा. पण बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आलं की आपण एवढा वेळ या काठावर आहोत आणि याचा पुढे काय उपयोग, हा प्रश्न एकदाही डोक्यात आलेला नाही. ती चक्क आनंदात होती. तिला जरा लाजच वाटली आणि तिने दुसरी कपची खिशात टाकली.

"बाई, तुमच्याकडे शिकलेली मुलं पुढे काय करतात?" परतताना तिने विचारलंच. आनंद झाला तरी स्वभाव जातो थोडाच?

"काय वाटेल ते," लिंडक्विस्ट बाई म्हणाल्या. "एक जण शहराचं पिण्याचं पाणी बघतो. एक विमा विकते. एकाची बेकरी आहे. एक पाद्री झाला. तो म्हणतो, दगडांमुळे एक फायदा झाला, आता कशाचीच घाई वाटत नाही."

ही हकीकत तिने खोलीवर येऊन ओडेसाला सांगितली. ओडेसा टिब्स ही तिची खोलीतली सोबतीण. नर्स व्हायचं हे तिचं सहाव्या वर्षीच ठरलं होतं, शेजारच्या मांजराचा पाय बांधला त्या दिवशी. मांजराने बोचकारलं, तरी बेत बदलला नाही. "मग घे ना दगड," ओडेसा पायाची नखं रंगवता रंगवता म्हणाली.

"आणि अडकले तर? तुला नाही भीती वाटत? समज, कंटाळा आला."

"आला तर शाळेत नर्स होईन, जहाजावर होईन, तुरुंगात होईन. ते सगळं कशामुळे? आधी नर्स झाले म्हणून. तू मात्र बाजारभर हिंडतेस, सगळ्या दुकानांच्या काचेला नाक लावतेस. काचा खराब झाल्या, खरेदी शून्य." ओडेसाने अंगठ्यावर फुंकर घातली. "राग आला का?"

"नाही," ट्रुडी म्हणाली. आला होता, पण खऱ्याचा येतो तेवढाच. गुरुवार आणि शुक्रवार तिने स्वतःशी भांडण्यात घालवले. एकेक विषय मनात उचलावा, त्याच्याबरोबर येणारं अख्खं आयुष्य बघावं आणि हळूच खाली ठेवावं. बँकेतली ट्रुडी ठेवली. समुपदेशक ट्रुडी ठेवली. जर्मन शिकवणारी ट्रुडी ठेवताना तर डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती गोड होती. एक निवडायची म्हणजे बाकीच्या सगळ्या मारायच्या, असंच तिला वाटायचं. एवढ्या जणींचा जीव घ्यायला तिचा हात धजत नव्हता. दालनातली घंटा वाजतच होती. रांगेतली मुलं आता कमी कमी होत चालली होती.

रविवार आला. भाजलेलं मांस, वाटाणे, मग पत्ते. बाबाने पानं वाटली आणि पहिला बोल ट्रुडीवर आला. तिने पानं पसरली. राण्या दोनच. एक गुलाम, थोडी चौकटची हुकमाची पानं, बाकी किलवरची दश्शी वगैरे सटरफटर. मागच्या रविवारच्या हातापुढे हा हात गरीबच. मधली दोन पानं मेणकापडावर पालथी पडली होती, त्यांच्या पाठीवरची निळी नक्षी कोपऱ्यांत झिजली होती. तिथे काय असेल? काहीही असेल. आत्तापर्यंत तिला वाटत आलं होतं की पालथं पान म्हणजे धोका. पण उचललं नाही तर ते पालथंच राहतं, आणि मग आपल्याच राण्या आपल्या जिवावर उठतात, हे तिला आत्याने आठ दिवसांपूर्वी ओरडून सांगितलं होतं. बाबा पाणी पीत होता. आत्याने तोंड उघडून 'माउ' एवढं तयारही ठेवलं होतं.

"उचलते," ट्रुडी म्हणाली.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "मार्था, ऊठ, तुझी लेक उचलतेय!" वर्तमानपत्राखालून आई म्हणाली, "छान."

निघालं काय, तर इस्पिकची सत्ती आणि बदामाची दश्शी. भाग्य उजळावं असं त्यात काही नव्हतं. आता त्यांच्या बदल्यात हातातली दोन पानं पालथी घालून बाजूला ठेवायला, म्हणजे पुरायला हवी होती. कुठली? तिने किलवरची दश्शी बाहेर काढली, परत घातली, पुन्हा काढली. दश्शी म्हणजे दहा गुणांचं पान. हातात असावं, खेळावं, बघावं असं वाटणारं. शेवटी तिने दोन्ही दश्शा एकावर एक पालथ्या घालून कोपरापाशी ठेवल्या, आणि त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. मग डाव सुरू झाला. बाबा आणि आत्या भावंडंच ती, एकमेकांच्या हातावर गुण ओतत होती. ट्रुडीने राण्या खर्चल्या, गुलाम गमावला, चौकटचा एक्का कसाबसा घरी आणला. तिचे कान तापले होते आणि गंमत म्हणजे तिला मजा येत होती. शेवटचं पान पडलं तेव्हा तिच्यापुढचा ढीग बघून आत्याने टाळी वाजवली. "बुडाली! ढीग आहे की चिमणीचा घास! पण शाब्बास, बुडली तर निदान उडी मारून बुडली."

"थांब लॉरेन," बाबा म्हणाला. "पुरलेली मोज की."

उचलणाऱ्याने पुरलेली पानं शेवटी त्याच्याच गुणांत धरतात. हा नियम ट्रुडीला पत्ते धरता येऊ लागल्यापासून माहीत होता. पण ती उचलायचीच नाही, त्यामुळे तिची म्हणून पुरलेली पानं तिने कधी मोजली नव्हती. जिंकलेल्या हातांच्या ढिगाचे बेचाळीस भरले. मग तिने कोपरापाशी हात नेला. दोन दश्शा मुकाट्याने तिथेच पडून होत्या. डावात एकदाही खेळल्या नव्हत्या, कुठे गेल्याही नव्हत्या. बासष्ट. जिंकायला लागतात एकसष्ट. आत्याने पाटीवर आपल्या आणि भावाच्या नावाखाली रेघ ओढली आणि खडू टेबलावर आपटला. ट्रुडी मात्र त्या पानांकडे बघत राहिली. बँकेतली ट्रुडी, जर्मन शिकवणारी ती गोड ट्रुडी. मारायचं कुणाला नव्हतंच मुळी. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की ती मोठ्याने हसली.

"उद्या घंटा वाजवते," ती म्हणाली.

"अखेर!" बाबा म्हणाला. "व्यवस्थापन?"

"दगड, बाबा. भूगर्भशास्त्र."

बाबाचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं, आणि गॅरेजमधला तो उन्हाळा ट्रुडीला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. "अडकशील गं," तो हळू म्हणाला. "एकच धरलंस तर अडकतो माणूस. मला विचार."

"विचारतेच. तुझ्या बसमध्ये कुणी ओकत का नाही?"

"हे काय मधेच?" आत्या म्हणाली.

"सांग ना, बाबा."

"का म्हणजे? नाक. वास येतो मला आंबायच्या आधी."

"आणि ते नाक तयार कुठे झालं?"

"भट्टीत," बाबा म्हणाला. आत्याने भावाकडे बघितलं आणि उगाच पत्ते गोळा करायला लागली. ट्रुडीने उठून खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून करडी कपची आणली, पुसली, आणि टेबलावरून त्याच्यापुढे सरकवली. "चाव."

"दगड?"

"दात आधी सांगतात, असं कोण म्हणायचं?"

त्याने कपची उजेडात धरली, वास घेतला, आणि दाढेखाली ठेवून डोळे मिटले. तो तसा डोळे मिटून काही चावतोय हे तिने भट्टीच्या त्या मजल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर आजच. कर्र. पुन्हा कर्र. "कडक आहे," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "टोकाला कच्चं राहिलंय. अजून भिजायला हवं होतं."

"चाळीस कोटी वर्षं भिजलंय, बाबा."

"मग शेवटी कुणीतरी घाई केली," वॉल्ट हाफनर म्हणाला. आत्या खो-खो हसत सुटली. तो स्वतःही हसला, आणि हसता हसता त्याने ज्या पद्धतीने डोळे पुसले त्यावरून ते नुसतं हसण्याचं पाणी नाही हे दोघींनाही कळलं. कपची त्याने परत दिली नाही. शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून बोटाने चाचपली. "वाट," तो म्हणाला. "पानं वाट, तुझी पाळी आहे."

सोमवारी दालनात फारशी गर्दी नव्हती. ट्रुडीने दोर ओढला तो गरजेपेक्षा बराच जोरात, आणि ओरडली तीही तशीच. निवडुंगांना पाणी घालता घालता प्रुइट झारीसकट बाहेर आले. "भूगर्भशास्त्र?" ते म्हणाले. "आणि बाकीच्या सगळ्या वाटा? एवढ्या जपून मोकळ्या ठेवल्या होत्यास!"

"पुरून ठेवल्यात, सर," ट्रुडी म्हणाली. "शेवटी मोजताना काढू."

प्रुइटांना काही कळलं नाही. ते मिलवॉकीचे नव्हते, ओहायोचे होते.